जुन्या गाडीतून नव्या गाडीत: कुठली सवय मोडली, कुठली कामाला आली?

बरीच वर्षं चोक ओढून सुरू होणारी, पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी चालवायची आणि मग एकदम आत्ताच्या गाडीत बसायचं, यात नेमकं काय काय बदलतं यावर लिहायला हवं असं कधीपासून वाटत होतं. डिलिव्हरीच्या वेळी भराभर बटणं दाखवतात, आपण मान डोलावतो आणि खरे प्रश्न नंतर रस्त्यावर पडायला लागतात. मॅन्युअल जाडजूड असतं, पण 'जुन्या गाडीत तुम्ही असं करत होतात, इथे ते करू नका' असं त्यात कुणी लिहीत नाही. ते आपणच एकमेकांना सांगायला हवं. कुठली सवय मोडायला लागली, कुठली अजून उपयोगी पडते, कुठलं फीचर बंद करून टाकलं आणि का, सगळं लिहा, अगदी बारीकसारीक सुद्धा.

सुरुवात मी करतो, ब्रेकपासून. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, हे आमच्या अंगात भिनलेलं. आणि ते बरोबरच होतं, कारण चाक लॉक झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी घसरत सरळच जाते. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत हेच काम गाडी स्वतः करते, सेकंदाला कित्येक वेळा. आपण वरून पंपिंग केलं तर थांबायला उलट जास्त अंतर लागतं. हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. भर पावसात समोर कुत्रं आलं, पाय गच्च दाबून ठेवला आणि पॅडल पायाखाली थडथडायला लागलं, खालून घर्रर्र आवाज, त्या क्षणी पाय मागे घ्यावा अशी फार ओढ होते. घ्यायचा नाही, तो थडथडाट म्हणजे एबीएस काम करतंय. आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळतं, खरा फायदा तो आहे, कुत्र्याला वळसा घालून गाडी बाजूने गेली. १९७८ मध्ये हे तंत्र गाड्यांत यायला लागलं, तरी बहुतेकांना तो थडथडाट पहिल्यांदा कळतो तो अडचणीच्या वेळीच. म्हणून म्हणतो, मोकळी जागा बघून, मागे कुणी नाही ना याची खात्री करून, एकदा मुद्दाम कचकचून ब्रेक मारून बघा.

*

आमच्या बाबांसाठी सत्तरीनंतर ऑटोमॅटिक घेतली, गुडघ्यामुळे. क्लच नाही म्हणजे सोपंच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण थांबायची वेळ आली की बाबांचा डावा पाय क्लच शोधायला जायचा आणि तिथे सापडायचं ब्रेकचं रुंद पॅडल, ते क्लचच्या जोराने दाबलं की गाडी जागच्या जागी उभी आणि पट्टा छातीत रुततो. भावाने शेजारी बसून एकच गोष्ट करून घेतली, निघायच्या आधी डावा पाय मागे ओढून सीटजवळ ठेवायचा, टेकवायच्या जागेवर सुद्धा नाही, आणि दोन्ही पॅडलं उजव्या पायानेच. काही दिवसांत बसलं ते. आता बाबांना सगळ्यात आवडतं ते पार्किंग, डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक हलका केला की गाडी आपोआप सरकते, अॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावावाच लागत नाही :) हाफ क्लचवर मागे घ्यायची कसरत संपली.

एक सांगते, उतारावर लावताना आधी हँडब्रेक ओढायचा, मग ब्रेक सोडून गाडीचं वजन त्यावर येऊ द्यायचं आणि मग पी (पार्किंग) टाकायचं. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्सच्या त्या छोट्या खटक्यावर येतो आणि काढताना खाडकन आवाज होतो.

*

मला राग आहे तो टचस्क्रीनचा. जुन्या गाडीत पंख्याचा नॉब, काच साफ करायचा नॉब, सगळं हाताला ठाऊक होतं, नजर रस्त्यावरून हलत नव्हती. आता समोरची काच आतून धुरकट झाली की आधी मेनू, मग क्लायमेट, मग ते चिन्ह, आणि गाडी हलत असते म्हणून बोट भलतीकडेच लागतं. हे फक्त माझं रडगाणं नाही. स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाने २०२२ मध्ये चाचणी घेतली होती, ताशी ११० किमी वेगाने जाताना एसी, रेडिओ वगैरे ठरलेली कामं करायला किती वेळ लागतो याची. २००५ च्या बटणंवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली आणि सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीत ४० सेकंदांच्या वर गेले! गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड असल्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडी असावी यावर गुण ठेवलेत, उशिरा का होईना. तोवर माझा मार्ग असा की निघायच्या आधी उभ्या गाडीत सगळं लावून घ्यायचं आणि स्टिअरिंगवरच्या बटणांवर शॉर्टकट बसवायचे.

*

टचस्क्रीनबद्दल वरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. आणि एक महत्त्वाचं, कुणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या गाडीत अंधार पडला की मीटर दिसेनासं व्हायचं म्हणून आपण लाइट लावायचो. आता मीटर कायम उजळलेलं असतं, पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे दिवे) जळत असतात, त्यामुळे लाइट चालूच आहेत असं वाटतं, पण कित्येक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. संधिप्रकाशात मागून अशा काळ्याकुट्ट गाड्या रोज दिसतात मला. खटका ऑटोवर ठेवा, आणि धुक्यात किंवा पावसात ऑटोवर विसंबू नका, तेव्हा बाहेर उजेड असतो म्हणून सेन्सर लाइट लावत नाही.

*

लेन असिस्टबद्दल, म्हणजे गाडी पट्ट्याबाहेर जायला लागली की स्टिअरिंग ओढून परत आत आणतं ते. पहिल्यांदा स्टिअरिंगने हातात उलटा ओढा दिला तेव्हा एअर कमी आहे की अलाइनमेंट गेलं असंच वाटलं. इंडिकेटर दिला की ते गप्प बसतं, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावर सुद्धा इंडिकेटर द्यायची शिस्त लागली, हे मला मनापासून आवडलं. पट्टे पुसलेले असतील किंवा काम चालू असेल तिथे मात्र मी बंदच करतो. अॅडॅप्टिव्ह क्रूझचं, म्हणजे वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, सांगायचं तर पुढच्या चालत्या गाडीमागे ते फार छान अंतर ठेवतं, पण वेगात असताना पुढे आधीपासून थांबलेलं वाहन ते ओळखेलच असं नाही, मॅन्युअलमध्येही तसा इशारा असतो. पाय ब्रेकजवळच हवा.

*

ईव्हीवाले कुणी आहेत का? आमच्याकडे नवीनच आलीये. अॅक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच मंदावते, त्यातून बॅटरी चार्ज होते, आणि आता गर्दीत ब्रेकला पाय क्वचितच लागतो. पण बॅटरी पूर्ण भरलेली असली की ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते, म्हणून बऱ्याच गाड्यांत तेव्हा हे मंदावणं एकदम कमी होतं. रात्रभर चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा, पाय उचलला की कालसारखीच थांबेल असं धरू नका. मी हल्ली ८० टक्क्यांवर थांबवते.

*

मी गॅरेजात काम करतो म्हणून थोडं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत बॅटरी वेगळ्या जातीची असते, ईएफबी किंवा एजीएम, तिथे साधी टाकली की लवकर बसते, तेव्हा जुनी बघून तीच मागा. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम परत जुळवणं, करून घेतलंच पाहिजे, नाहीतर ते लेन आणि ब्रेकचं सगळं चुकीचं बघणार. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सवडीने दाखवा, लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाहीये, जास्त पळवू नका, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. आणि जुन्या गाडीची एक सवय अजिबात सोडू नका, आवाज ऐकायची. म्युझिक बंद करून, काच खाली करून अधूनमधून चालवा. ब्रेक पॅडची चिरचिर, बेअरिंगची घरघर, याला आजही बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर दिवा लागत नाही.

*

माझी शंका. बटण स्टार्टची गाडी आहे, किल्लीतला सेल संपला तर गाडी उघडणार कशी आणि सुरू कशी करायची?

*

किल्लीच्या आतच एक धातूची पात असते, कडेचा खटका दाबला की बाहेर येते, तिने दार उघडा. काही गाड्यांत कुलपाचं भोक हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं, ते आजच शोधून ठेवा. मग ब्रेक दाबून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवा आणि तिनेच बटण दाबा, बहुतेक गाड्या सुरू होतात, काहींत किल्ली टेकवायची जागा कपहोल्डरमध्ये किंवा कन्सोलमध्ये असते. सेल बहुधा सीआर२०३२ असतो, घरी बदलता येतो. दुसरी किल्ली कपाटात पडून असेल तर तिचाही बदलून घ्या, न वापरता सुद्धा तो उतरतो.