तळमजल्यावरच्या सोन्या बोक्याबाबतचा निर्णय : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

आजी (तळमजला, खोली 3) – शुक्रवार, रात्री 9:42
सर्वांस नमस्कार. उशिरा लिहीत आहे, क्षमा असावी. आपला बोका सोन्या दुपारपासून बरा नाही. दर दहा मिनिटांनी तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो आणि काहीही न होता बाहेर येतो. आत्ता मी वाळू चाळून पाहिली, तर सकाळी भरली तशीच ती कोरडी आहे. संध्याकाळी दिलेला बांगड्याचा तुकडा त्याने हुंगलासुद्धा नाही, आणि मांडीवर घ्यायला गेले तेव्हा आठ वर्षांत प्रथमच तो माझ्यावर गुरगुरला. मला हे बद्धकोष्ठ वाटते. कोणास घरगुती उपाय माहीत असल्यास कृपया कळवावे.

काका (104) – 9:47
आजी, चमचाभर एरंडेल कोमट दुधातून द्या. आमच्या गावी वासरांना हेच देतात. रात्रीतून पोट मोकळे होईल.

ताई (203) – 9:53
आजी, कृपया एरंडेल देऊ नका. काका, तुमचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे. परंतु बोका असे जोर करतो तेव्हा अनेकदा त्याची लघवी तुंबलेली असते, आणि पाहणाऱ्याला मात्र ते बद्धकोष्ठ वाटते. बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाला फार अरुंद असतो. लघवीतले खडे किंवा चिकट द्रव तेथे अडकले की बूच बसल्यासारखे होते. आजी, त्याच्या मागच्या पायांच्या पुढे, पोटाखाली अगदी हलक्या हाताने चाचपून पाहा, दाबू मात्र नका. लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागला तर सकाळची वाट पाहता येणार नाही. दिवसभर लघवी तुंबली की शरीरातले विष रक्तात साठते, पोटॅशियम वाढते आणि त्यामुळे हृदयाचे ठोके मंद होत जाऊन बंद पडतात. तीन वर्षांपूर्वी आमचा बोका याच दुखण्याने गेला. आम्ही एका दवाखान्यात रात्री फोन केला होता, सकाळी आणा असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही ते ऐकले. पहाटे पाच वाजता तो गार पडला होता. म्हणूनच मी इतके ठासून लिहीत आहे.

आजी – 9:58
गोळा लागतो. मोसंबीएवढा आहे.

काकू (401) – 9:59
निघेपर्यंत निदान त्याच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून माझ्या नातवाचे पॅरासिटामॉलचे थेंब पाठवू का?

ताई (203) – 10:00
काकू, मुळीच नको. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते, हिरड्या तपकिरी पडतात आणि माणसाच्या अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते. घरातले कोणतेही औषध त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका.

सचिव (301) – 10:02
302 मधील दादा टॅक्सी घेऊन दारात येत आहेत. ताई, आपण आजींसोबत जावे ही विनंती. आजी, दारातल्या पायऱ्या घाईने उतरू नका. पिंजरा दादा उचलतील.

ताई (203) – शनिवार, रात्री 1:26
रात्री उघड्या असणाऱ्या एका खाजगी दवाखान्यात आहोत. सोन्या जिवंत आहे. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करत नसली की वाढणारा घटक) 9.8 आले; ते साधारण दोनच्या आत असायला हवे. पोटॅशियम 8.1 आले, ते साडेपाचच्या आत हवे. हृदयाचे ठोके मंद झाले होते, त्यामुळे आधी कॅल्शियमचे इंजेक्शन आणि सलाइन देऊन मगच हलकी भूल दिली आणि मूत्रमार्गात नळी घातली. पहिल्यांदा जी लघवी आली ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. आजचे बिल 9,800 रुपये झाले. आजींनी 6,000 दिले, बाकीचे 3,800 मी भरले आहेत. नळी दोन ते तीन दिवस ठेवावी लागेल, कारण तुंबलेली वाट मोकळी झाल्यावर मूत्रपिंडे भरमसाट लघवी सोडतात आणि तेवढे पाणी सलाइनने भरून काढले नाही तर मांजर कोरडे पडते. येथे दाखल ठेवण्याचा अंदाज 28,000 सांगितला आहे. पुन्हा तुंबल्यास मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल आणि तिला साधारण 45,000 लागतील. सकाळी अकरापर्यंत निर्णय कळवायचा आहे.

आजी – सकाळी 7:15
रात्रभर झोप नाही. माझी परिस्थिती मी स्पष्ट सांगते, म्हणजे कोणास संकोच राहणार नाही. मला महापालिकेच्या शाळेचे निवृत्तिवेतन आहे. त्यातून गुडघ्याची आणि रक्तदाबाची औषधे, वीज, गॅस आणि मेंटेनन्स जाऊन जे उरते, त्यातून मी 15,000 रुपये बाजूला ठेवले होते. त्यातले 6,000 काल गेले. कर्ज मी काढणार नाही, आणि माझ्या मोबाइलवर कर्जाच्या ज्या जाहिराती येतात त्यांच्याकडे मुळीच वळणार नाही.

दादा (302) – 7:31
आजी, सोन्या एकट्या तुमचा नाही. तो पावसाळ्यात आमच्या चपलांच्या कपाटावर झोपतो. सोसायटीच्या निधीतून काही करता येईल का?

सचिव (301) – 7:40
सोसायटीचा निधी यासाठी वापरता येणार नाही. तो इमारतीच्या देखभालीसाठी जमा झालेला आहे आणि सध्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे देणे बाकी आहे. ज्यांना इच्छा आहे त्यांनी वैयक्तिक मदत करावी. त्याचा हिशेब मी ठेवीन.

रहिवासी (601) – 7:52
मुळात इतका खर्च कशाला? बरा झाला की त्याला माहीमच्या मासळी बाजारापाशी सोडावे. तेथे खाण्याची ददात नाही.

सचिव (301) – 7:58
हे करता येणार नाही. प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला कारणाशिवाय टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. आजारातून उठलेला बोका बाजारातल्या बोक्यांसमोर एक रात्रही टिकणार नाही. हा विषय येथेच थांबवावा.

रहिवासी (502) – 8:10
मी स्पष्टपणे एक सांगू इच्छितो. माझ्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होते. मी वर्गणी देऊ शकत नाही. माझी विनंती एवढीच, की कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नये. कारण यादीत नाव नसलेल्यांच्या घरात काय चालले आहे हे यादी वाचणाऱ्यांना माहीत नसते.

आजी – 8:14
अगदी योग्य बोललात. यादी येणार नाही, हा माझा शब्द. वडिलांना नमस्कार सांगा.

काका (104) – 8:22
माझे बालपण लालबागला गेले. परळचे बैलघोडा हॉस्पिटल आठवते का? म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय. ते धर्मादाय आहे, खाजगीपेक्षा दर बरेच कमी आहेत आणि 1886 सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे. माझे वडील चाळीतल्या टांगेवाल्याच्या घोड्याला घेऊन तेथे गेले होते. काल एरंडेल सुचवले, त्याची चुटपुट मनाला लागून राहिली आहे. आज मी सोबत येतो.

ताई (203) – 8:45
काका, हे फार उपयोगी सुचवलेत. मी आत्ताच डॉक्टरांशी बोलले. नळी आणि पिशवी तशीच ठेवून सोन्याला हलवता येईल; पोटॅशियम पहाटे 5.9 पर्यंत उतरले आहे. हाताशी पैसा बेताचा असेल तेव्हा काही प्रश्न थेट विचारावेत, त्यात लाज मुळीच नाही. मी विचारले, की रोजच्या तपासण्यांपैकी कोणत्या तपासणीने उपचार बदलणार आहे आणि कोणती केवळ नोंदीसाठी आहे? उत्तर आले, की क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आवश्यक आहे, बाकीच्या पॅनेलवाचून चालेल. सोनोग्राफी आज टाळता येईल, परंतु मूतखडा आहे का हे पाहायला एक एक्स-रे हवा. एवढ्या बोलण्याने रोजचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, आणि डॉक्टर रागावले नाहीत. आजी, आता एकच गोष्ट उरते, आणि ती तुम्हालाच ठरवायची आहे. नळी काढल्यावर पुन्हा तुंबण्याचा धोका मोठा असतो, विशेषतः पहिल्या काही दिवसांत. तसे झाले तर काय करायचे, हे आजच ठरवून ठेवावे असे मला मनापासून वाटते. आम्ही ते ठरवले नव्हते. त्या रात्री आम्ही तिघे तीन दिशांना ओढत होतो आणि बोका मध्ये ओरडत होता.

आजी – 9:30
विचार केला. माझ्या 15,000 रुपयांत आणि आपण स्वखुशीने द्याल तेवढ्यात परळला एकदा पुरा प्रयत्न करायचा. पुन्हा तुंबला तर शस्त्रक्रिया नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस गळ्यात कॉलर घालून त्याला कोंडून ठेवावे लागते, जखम राखावी लागते, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला त्याला धरून औषध पाजता येत नाही. काल पिंजऱ्यात घालतानाच माझे मनगट मुरगळले. तशी वेळ आली तर त्याला दयामरण द्यावे. हे मी आज दिवसाउजेडी लिहून ठेवते, कारण रात्री त्याचे ओरडणे कानावर पडत असताना मला हे लिहिता येणार नाही, आणि तेव्हा मी कोणाचेही काहीही ऐकून हो म्हणेन.

काकू (402) – 9:41
आजी, क्षमा करा, पण प्राण घेणे आपल्या हातात आहे का? त्याचा शेवट नैसर्गिक व्हावा असे मला वाटते.

ताई (203) – 9:50
काकू, तुमची भावना मी समजू शकते. परंतु तुंबलेल्या बोक्याचा नैसर्गिक शेवट म्हणजे झोपेत जाणे नव्हे. त्याला दोन-तीन दिवस लागतात, त्यात उलट्या होतात, मूत्राशय फुटेपर्यंत ताणते आणि त्यातला बराच काळ तो शुद्धीवर असतो. दयामरणात आधी गुंगीचे औषध देतात आणि तो गाढ झोपला की भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. काही मिनिटांत सारे शांत होते. डोळे मात्र उघडे राहतात. हे आजींना आधीच माहीत असलेले बरे.

दादा (302) – सोमवार, सायंकाळी 6:20
परळहून. एक्स-रेमध्ये खडा नाही. नळी दुपारी काढली आणि चार वाजता सोन्याने स्वतःहून लघवी केली. वाळूत ओला गोळा बशीएवढा झाला होता. काकांनी त्याचा फोटो काढून आजींना पाठवला आणि आजी फोनवर रडल्या. क्रिएटिनिन मात्र आजही 5.9 आहे.

रहिवासी (502) – सायंकाळी 6:48
वडिलांमुळे हा आकडा मला रोज पाहावा लागतो, म्हणून विचारतो. वाट मोकळी होऊन तीन दिवस होत आले, तर तो आतापर्यंत जवळपास पूर्वपदावर यायला हवा होता ना? तो मध्येच अडून राहिला असेल, तर मूत्रपिंडालाच इजा झालेली असावी, आत्ताची किंवा आधीपासूनची. आजींना खोटी आशा देऊ नये. त्वचेखाली सलाइन देण्याची वेळ आली तर मला सांगा. सुई टोचण्याला मी घाबरत नाही, आणि पैशाऐवजी एवढे तरी मी नक्की करू शकतो.

ताई (203) – सायंकाळी 7:05
502 चे दादा, तुमचे म्हणणे बरोबर आहे. डॉक्टरांनीही हेच सांगितले. उद्यापासून रोज शंभर मिली त्वचेखाली द्यायचे आहे. साडेसहा वाजता तुम्ही तळमजल्यावर याल का?

रहिवासी (502) – सायंकाळी 7:06
येतो.

आजी – बुधवार, रात्री 8:10
आजचे सलाइन झाले. 502 मधील दादांनी बाटली आधी गरम पाण्यात ठेवून कोमट केली, मग मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून त्याच्या पोकळीत सुई घातली. सोन्याने हूं की चूं केले नाही. नंतर खांद्यापाशी पाण्याचा फुगा आला आणि तो हळूहळू एका पायाकडे उतरत गेला. आज त्याने उकडलेल्या माशाचे पाणी चाटले. लघवी तीनदा झाली, परंतु गोळे लहान आहेत. रक्तात क्रिएटिनिन 5.4 आले.

ताई (203) – गुरुवार, रात्री 11:12
पुन्हा तुंबले आहे. ओटीपोट टणक आहे, सहापासून वाळू कोरडी आहे आणि दोनदा उलटी झाली. आजी शनिवारचा संदेश मला दाखवून म्हणाल्या, की हेच करायचे. आम्ही निघतो आहोत. 402 च्या काकू सोबत येत आहेत.

काकू (402) – शुक्रवार, रात्री 12:55
सोन्या 12:35 ला गेला. त्याचे डोके आजींच्या हातात होते. मी शनिवारी जे लिहिले ते मनापासून लिहिले होते. आज टॅक्सीत त्याचे ओरडणे ऐकले आणि सुईनंतर त्याचा श्वास सैल झालेला पाहिला. आता मी तसे लिहिणार नाही.

आजी – शनिवार, सकाळी 10:05
हिशेब देत आहे. पहिल्या रात्रीचा दवाखाना 9,800, परळ, तपासण्या व औषधे 5,360, टॅक्सी 1,140, शेवटच्या रात्रीचे 3,200. एकूण 19,500 रुपये. माझे 15,000 त्यात गेले. 203 च्या ताईंनी पहिल्या रात्री भरलेले 3,800 त्यांना आज पूर्ण परत केले. आपण सहा घरांनी प्रत्येकी 1,200 दिले होते. त्यातले 450 प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात घालून सचिवांकडे ठेवले आहेत, कृपया घेऊन जावेत. सलाइनच्या दोन बाटल्या सीलबंद उरल्या आहेत, त्या ताई परळला देऊन येतील. जिन्याखालचा पांढरा बोका सध्या कोरडेच खाणे खातो. त्याचे खाणे मी आजपासून पाण्यात भिजवून ठेवीन आणि पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवीन. कोणी ती हलवू नयेत. तो ओल्या मातीत किती वेळ बसतो याकडे जाता-येता सर्वांनी लक्ष ठेवावे.