नवोन्मेषाला अनुदान हवे की पहिला ग्राहक?

भोसरीकर:
‘भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि इस्रायल पाच टक्क्यांहून अधिक. सरकारने हात सैल सोडला की बाकीचे आपोआप होईल,’ असे कालच्या लेखात म्हटले आहे. ते वाचून गप्प बसवेना. इस्रायलमध्ये आणि दक्षिण कोरियात या खर्चाचा मोठा भार कंपन्या उचलतात, आपल्याकडे तो मुख्यतः सरकारवरच आहे. १९९३ च्या ‘योझ्मा’ योजनेत इस्रायली सरकारने एकूण १० कोटी डॉलर घातले. त्यांतील बहुतांश रक्कम नव्या कंपन्यांत भांडवल गुंतवणाऱ्या दहा निधींत गेली आणि सरकारचा हिस्सा विकत घेण्याची मुभा खासगी भागीदारांना आधीच दिलेली होती. सरकारने बाहेर पडण्याची वाट आत शिरतानाच आखली, हे त्या लेखात कुठेच येत नाही.

रेवा:
तो लेख माझाच आहे. कंपन्या खर्च करत नाहीत हे मान्य, पण त्यांनी तो करावा यासाठी आपण काय केले? संशोधनखर्चावर प्राप्तिकरात मिळणारी २०० टक्के वजावट, म्हणजे करपात्र नफ्यातून खर्चाच्या दुप्पट रक्कम वगळण्याची सवलत, २०१७ मध्ये १५० टक्क्यांवर आणि २०२० मध्ये १०० टक्क्यांवर आली. अशा धोरणानंतर उद्योजकांनाच बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

भोसरीकर:
वजावट २०० टक्के होती तेव्हाही देशाचा आकडा एक टक्क्याच्या आतच होता, रेवाताई.

कातारी:
दोघांचेही वाद पैसा देण्याबद्दल आहेत; माल घेण्याबद्दल कोणी बोलतच नाही. आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही जलवाहिनीतील गळती शोधणारे उपकरण तयार केले आणि ते एका नगरपालिकेत दोन महिने विनामूल्य चालवून दाखवले. निविदा निघाली तेव्हा त्याच प्रकारच्या पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव मागितला होता. जी वस्तू आम्हीच नव्याने केली, तिचा अनुभव आणायचा कुठून? काम सर्वात कमी दराच्या आयात मालाला गेले.

नियमावली:
आपली माहिती अपुरी आहे. नोंदणीकृत स्टार्टअपना अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटींतून सवलत देण्याची तरतूद केंद्राने २०१६ मध्येच केली आहे. अर्ज नीट न भरता व्यवस्थेला दोष देणे योग्य नव्हे.

कातारी:
अर्ज मी तीन वेळा भरला आहे, तेव्हा हा आरोप मागे घ्यावा. आपण सांगता ती तरतूद केंद्राच्या खरेदीची आहे, माझा ग्राहक नगरपालिका होती. शिवाय माझा कारखाना १९९८ चा, म्हणून तो स्टार्टअप ठरत नाही. सत्तावीस वर्षे यंत्रावर काढलेल्या माणसाला नवे सुचूच नये, असा याचा अर्थ होतो. लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत द्यावीत असा २००६ चा कायदा आहे, तरी एका सरकारी खात्याने माझे देयक चौदा महिने अडवले. त्या काळात कामगारांचे पगार मी घर गहाण ठेवून दिले.

नियमावली:
अर्जाबद्दलचे वाक्य मागे घेतो. तरीही कमी दराची अट लेखापरीक्षणाच्या धाकाने येते. महाग वस्तू घेणाऱ्या अभियंत्यालाच पुढे खुलासे द्यावे लागतात, मग त्याने धोका का पत्करावा?

भोसरीकर:
म्हणूनच तो धोका कायद्याने उचलायला हवा. अमेरिकेने १९८२ मध्ये मोठ्या संघीय खात्यांच्या संशोधन-निधीतील ठरावीक वाटा लघुउद्योगांसाठी राखला आणि पुढे त्यातून यशस्वी ठरलेली वस्तू पुन्हा स्पर्धा न लावता विकत घेण्याची मोकळीक खात्यांना दिली. दूर कशाला, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची ग्रामीण टेलिफोन केंद्रे खेड्यापाड्यांत पोहोचली, ती दूरसंचार खाते ग्राहक होते म्हणूनच.

रेवा:
पहिल्या खरेदीचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता, एवढे मी कबूल करते. पण सी-डॉटच्या संशोधनाचा पैसाही सरकारचाच होता, हे भोसरीकर सोयीस्करपणे वगळतात. २०२५ मध्ये केंद्राने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन निधीला मंजुरी दिली आहे आणि त्याचा भर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे भांडवल पुरवण्यावर आहे. हे पाऊल मला आजही स्वागतार्हच वाटते.

कातारी:
ताई, माझ्या डोक्यावर कर्ज आधीच आहे. मला खरेदीचा आदेश हवा आहे.