सांगलीत घर घेतोय, ऑनलाइन एजंटांच्या मतावर किती विसंबावं? (मदत हवी आहे)

पुण्यातला_पाहुणा: मंडळी, लवकर सांगा, रविवारी टोकन द्यायचंय. आईबाबांसाठी घर बघतोय, मला सारखं येणं जमत नाही. साइटवर एकाच घराखाली तीन एजंटांची मतं आहेत. एक म्हणतो भाव वाजवी, दुसरा म्हणतो पाच लाख जास्त, तिसरा म्हणतो दोन वर्षांत दीडपट होईल. कुणाचं धरू?

मिरजेचा_तंबोरा: घर कुठाय? फ्लॅट की बंगला? किती जुनं? किंमत? आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

पुण्यातला_पाहुणा: सांगलीतच हो. रो हाऊस आहे. भावाचं बोला ना.

कृष्णाकाठ: सांगलीतच म्हणजे विश्रामबाग की गावभाग? भाव तिथंच ठरतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. आमच्या घरात खिडकीच्या कट्ट्याला लागलं होतं. गहू-तांदळाचे डबे माळ्यावर टाकले, तेवढेच वाचले. तिघांच्या मतांत 'पूर' शब्द कुठं आहे का बघा.

प्लॉटवाले_दादा: घर घेऊच नका. कुपवाडला प्लॉट घ्या, हवं तसं बांधा.

मिरजेचा_तंबोरा: दादा, त्यांनी प्लॉट विचारलाय का? आणि तुमचा गुंठ्यांत पाडलेला प्लॉट तरी गुंठेवारी कायद्यात नियमित झालाय का?

हिशेबी_काका: एजंटाला पैसे सौदा झाल्यावर मिळतात. ज्याच्याकडं ते घर विकायला आहे तो वाजवीच म्हणणार. ज्याला तुम्हाला दुसरं दाखवायचंय, त्याला ते महाग वाटणार. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गल्लीतल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचे सारांश, काढा, कागदावरचा मोबदला कळतो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, मुद्रांकासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नका.

किल्लीवाला: मी एजंटच आहे. सगळ्यांना एका माळेत ओवू नका, महारेराचा, म्हणजे घरबांधणीच्या सरकारी नियामकाचा, नोंदणी नंबर विचारा. आणि काका, रोखीतला भाग इंडेक्स टूवर कोण लिहितो?

हिशेबी_काका: ते तुम्हालाच जास्त माहीत. महारेराची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. जुन्या रो हाऊसबद्दल मत ठोकायला नंबर कशाला लागतो?

माहेरवाशीण_सांगली: आईबाबांना पुण्यालाच न्या की. माझे सासरे एकटे राहायचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा...

पुण्यातला_पाहुणा: ताई, ते ऐकत नाहीत, म्हणून तर घर बघतोय. शामरावनगर आहे. आज मावसभावाला पाठवलं.

कृष्णाकाठ: शामरावनगर! हे आधी सांगायचं होतं राव. लाइटचा मीटर किती उंचीवर आहे?

पुण्यातला_पाहुणा: डोक्याच्या वर. खाली जुन्या बोर्डाचा चौकोन रंगातून उठून दिसतोय. साइटवरच्या फोटोत तिथं कुंडी ठेवली होती. शेजारच्या आजी म्हणाल्या, 19 ला कमरेएवढं पाणी होतं, 21 लाही आलं.

मिरजेचा_तंबोरा: मग पाच लाख जास्त म्हणणाऱ्यानं पुराचे कापले होते का?

पुण्यातला_पाहुणा: फोन केला. म्हणे, ते धरलंच नव्हतं. टोकन थांबवलंय. विश्रामबागेत कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

प्लॉटवाले_दादा: मग प्लॉटचं काय ठरलं?