साडेचार महिन्यांची लेक, नाक चोंदलंय, ताप नाही. सर्दी की अ‍ॅलर्जी?

मखमलाबादची_आई

नमस्कार. लेक साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तसं तिचं नाक वाहायला लागलं. सकाळी उठली की लागोपाठ शिंका आणि पाण्यासारखं पातळ नाक. रात्री मात्र नाक पार चोंदतं. प्यायला घेतली की दोन घोट ओढते, सोडते, रडते, परत तोंड लावते. त्या वेळी मला काही सुचत नाही. ताप नाही. दिवसा हसते, मुठी चोखते, पाय झाडते.

घरामागेच द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून फवारणीचा ब्लोअर सारखा फिरतो, म्हणून मला अ‍ॅलर्जीची शंका येते. सासूबाई म्हणतात थंडी बाधलीय; ओवा-लसणाची धुरी द्या, टाळूवर वेखंड भरा, नाकात कोमट तेलाचा थेंब सोडा. घरातली सगळी मुलं त्यांच्याच हाताखाली वाढली, त्यामुळे त्यांना तोडून बोलायला जीव होत नाही. नवऱ्याने मेडिकलमधून सर्दीचं गोड औषध आणलंय. "अर्धा चमचा द्या," असं तिथल्या मुलाने सांगितलं. बाटली अजून फोडलेली नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी येणार आहेत. तोपर्यंत काय करू?

सिस्टर_पंचवटी

पोरी, बाटली फोडली नाहीस हे फार चांगलं केलंस. फोडूही नकोस. मी आयुष्यभर नाशिकच्या दवाखान्यांत लहान मुलांच्या वॉर्डात काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी औषधाचं. त्या बाटलीवर क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन अशी नावं आहेत का बघ. सर्दीच्या बहुतेक गोड औषधांत हीच जोडी असते. हे मिश्रण चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलंय. छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधाने लेकरं गेली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानेही सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत. त्या औषधांनी सर्दी लवकर जात नाही. बाळ गुंगतं, छातीत धडधडतं, आणि गुंगलेलं बाळ नीट पीत नाही. दुकानात परत घेत असतील तर परत कर.

आता तुझा खरा प्रश्न. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक बंद झालं की पिणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही, म्हणून ती तोंड लावते आणि सोडते. भूक गेलेली नाही तिची. तेव्हा पाजायच्या आधी नाक मोकळं करायचं, एवढंच मुख्य काम आहे.

मेडिकलमधून मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आण. लेबलवर 'सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के' एवढंच लिहिलेलं असलं पाहिजे. हे नीट वाच. तशाच छोट्या बाटलीत झायलोमेटाझोलिनचे थेंबही मिळतात, ते नाक सुकवणारे, ते बाळाला नकोत. घरी मीठ कालवून करू नकोस, प्रमाण चुकतं.

पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाटली मुठीत धरून ठेव, म्हणजे थेंब गार लागत नाहीत. बाळाला उताणं झोपव, खांद्याखाली दुपट्याची घडी सरकव, म्हणजे हनुवटी जरा वर होते. बाटलीचं टोक नाकाला टेकवायचं नाही. एकेका नाकपुडीत दोन थेंब सोड. ती रडेल, शिंकेल. शिंकू दे, त्यानेच अर्धं काम होतं. मिनिटभर थांबून सुती कापडाची मऊ वात कर आणि बाहेर आलेलं तेवढंच टिपून घे. कानात घालायची कापसाची काडी नाकात घालू नकोस. रबरी पंप असेल तर तो आधी बाहेर दाबायचा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी लावायचा आणि मग हळूच सोडायचा. दिवसातून दोन-तीनदा पुरे. जास्त ओढलंस तर आतून सूज येऊन नाक आणखी चोंदेल. एकदम पोटभर पाजायचा आग्रह नको. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा पाज.

सासूबाईंचा जीव आहे बाळावर, त्यांना दुखवू नकोस. पण धुरी नको म्हणजे नकोच, ओवा असो की धूप. धूर हा धूरच, त्याने नाक आतून आणखी सुजतं. तेलाचा थेंब नाकातून फुप्फुसात उतरला तर तिथे न्यूमोनियासारखा आजार होतो, आणि तसं झालेलं बाळ मी वॉर्डात सांभाळलंय. वेखंडाची पूड श्वासातून आत जाते. कापराची पुरचुंडी, छातीला चोळायचं बाम हेही ठेवून द्या. कापराने लहान बाळांना झटके येऊ शकतात. मधाचं बोट तर वर्ष होईपर्यंत चाटवायचंच नाही.

सासूबाईंना एक काम दे, ते त्या तुझ्यापेक्षा चांगलं करतील. बाळ शांत झोपलं की झबलं वर करून पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त भरले तर तो जोराचा श्वास. मग सोमवारची वाट बघायची नाही. तसंच बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वासागणिक नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, नेहमीच्या निम्मंही पीत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा बाळ मलूल पडलं असेल, तर रात्र असली तरी निघायचं. १०८ ला फोन लावा, नाहीतर सरळ सिव्हिल गाठा. ताप चढायला लागला तरी त्याच दिवशी दाखवा. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ ताप भरला की लगेच न्यायचं. हे बाकीच्या आया वाचत असतील त्यांच्यासाठी.)

नुसती नाकातली घुरघुर ऐकून घाबरू नकोस. तो आवाज छातीवर हात ठेवला तरी लागतो आणि आयांना वाटतं छाती भरली. थेंब टाकून नाक मोकळं झालं की तो बहुतेक वेळा कमी होतो.

सिडकोचा_बाबा

अ‍ॅलर्जीबद्दल आमचा अनुभव लिहितो. आमचा मुलगा सात महिन्यांचा असताना त्याला असंच सकाळी शिंका आणि पाणी. मला स्वतःला धुळीचा त्रास आहे, त्यामुळे मी ठरवूनच टाकलं होतं की हे माझ्याकडून गेलं. बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितलं की परागकणांची वगैरे अ‍ॅलर्जी पहिल्या वर्षात क्वचितच दिसते, कारण ती व्हायला शरीराची त्या गोष्टीशी आधी ओळख व्हावी लागते. एवढ्या लहानपणी वाहणारं नाक म्हणजे बहुतेक वेळा विषाणूची सर्दी, नाहीतर धूर-धुळीने चुरचुरणारं नाक. नाक पिवळं-हिरवं झालं म्हणून लगेच अँटिबायोटिक लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सर्दी साधारण आठ-दहा दिवस चालते, खोकला त्याहून रेंगाळतो. आणि पहिल्या एक-दोन वर्षांत वर्षाला सहा-आठ सर्द्या हे नेहमीचंच.

मग आम्ही घरातला धूर शोधला. डासांची कॉइल, संध्याकाळची अगरबत्ती आणि माझा कंपनीतून आल्यावरचा शर्ट. ग्राइंडिंगची बारीक धूळ त्यावर असायची आणि मी दारातूनच पोराला उचलायचो. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, अगरबत्ती बाल्कनीत गेली, आणि आता मी अंघोळ करूनच त्याला घेतो. सकाळच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या. पाहुण्यांनाही सांगा, हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही आणि सर्दी झालेल्या माणसाने मुका घ्यायचा नाही. वाईट वाटलं तर वाटू दे.

पिंपळगावची_स्नेहल

ताई, आमचं घर बागेतच आहे, त्यामुळे ब्लोअरचं मला विचारा. छाटणीनंतर फवारण्या थांबत नाहीत, दव पडलं की डावणीसाठी, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगासाठी, परत आहेच. ती अ‍ॅलर्जी असो वा नसो, ते औषध लहान बाळाच्या नाकात जाता कामा नये, एवढं नक्की. मी शेजारच्या काकांना सरळ जाऊन विचारलं की तुम्ही कधी मारता. ते आता आदल्या संध्याकाळी फोन करून सांगतात. ब्लोअर सुरू व्हायच्या आधी बागेकडच्या खिडक्या लावते, बाळाला पुढच्या खोलीत नेते आणि लंगोट-दुपटी दोरीवरून आत घेते. कपड्यांचं कोणाच्या लक्षात येत नाही, पण तेच दिवसभर बाळाच्या नाकाशी असतात. फवारणीवरून आलेल्या माणसाने कपडे बाहेरच काढायचे, हा आमच्या घरी नियम आहे.

थंडीचं म्हणाल तर इथे निफाडकडे पारा पार खाली जातो, तरी बाळाला गुंडाळून गुंडाळून घामेजून टाकू नका. मानेमागे हात घालून बघायचं. ओलसर लागलं तर एक कपडा कमी. पहाटेच्या शेकोटीजवळ मात्र अजिबात नेऊ नका, हौसेनेसुद्धा नाही.

मखमलाबादची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंब आणले. पहिल्यांदा टाकताना तिच्याइतकीच मी रडले. पण शिंकून शिंकून नाक मोकळं झालं, आणि नंतर एका बाजूला सलग प्यायली. सासूबाईंनी श्वास मोजले, ३६ भरले. आता त्या दर झोपेला मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. धुरीचा विषय त्यांनी स्वतःच सोडला. बागवाल्या दादांशी हे बोललेत, ते सांगून फवारणार आहेत.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. तिची १४ आठवड्यांची लस आधी गावाला गेलो म्हणून राहिली, आणि आता सर्दी आहे म्हणून सगळे म्हणतात महिनाभर थांब. थांबू का?

सिस्टर_पंचवटी

अजिबात थांबू नकोस. ३६ म्हणजे छान आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

ताप नाही, पिते आहे, खेळते आहे, मग साध्या सर्दीत लस देता येते. थंडीभर एक सर्दी गेली की दुसरी येते. तसं थांबत बसलीस तर लस उन्हाळ्यापर्यंत राहील. आणि त्या १४ आठवड्यांच्या लसींत आहे काय ते बघ. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्यात डांग्या खोकल्याची आणि हिब नावाच्या जंतूवरची लस असते, शिवाय न्यूमोनियासाठीची पीसीव्ही त्याच दिवशी असते. लहान बाळाचा खोकला ज्या आजारांनी जीवावर बेततो, त्यांतल्या मोठ्या आजारांवरच्याच या लसी आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार कोणता ते आशाताईंना विचार, तिथे त्या मोफत मिळतात. हिरवं-पिवळं जे कार्ड असेल ते सोबत ने आणि सिस्टरना नाक वाहतंय हे आधीच सांग, त्या बघून देतील. घरी आल्यावर एक-दोन दिवस अंग गरम राहील, मांडी दुखेल. तापाच्या औषधाचं प्रमाण बाळाच्या वजनावर ठरतं, म्हणून तिथेच वजन करून किती मिली द्यायचं ते कार्डावर लिहून घे. श्वास मोजणं तेवढे दोन दिवसही चालू ठेवा.