लेकीच्या पर्समध्ये पेपर स्प्रे: हवा की नको?

आसनगावची_आई: लेक शेवटच्या लोकलने येते, लेडीज डबा जवळपास रिकामा असतो. मागच्या आठवड्यात एक माणूस चढला नि दोन स्टेशनं दारात उभा राहून हिच्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी मी स्प्रे आणला. घरात वाद चाललाय पण माझं मत पक्कं आहे, प्रत्येक मुलीकडे हवाच.

रोजचा_प्रवासी: ताई काळजी समजते, पण मला नाही पटत. ही नुसती तिखटाची पूड नव्हे, मिरचीचा अर्क असतो. डब्यात मारला की सगळेच खोकणार, तुमची मुलगीसुद्धा. 2014 साली लोकसभेत तेलंगणच्या विधेयकावेळी एका खासदाराने मारला होता, एवढं मोठं सभागृह पण खासदारांना दवाखान्यात न्यावं लागलं, मग लोकलच्या डब्याचं काय होईल? त्यापेक्षा रेल्वेच्या 139 हेल्पलाइनला फोन लावावा.

मीरा_डोंबिवली: फोन लागून कोणी येईपर्यंत काय करायचं दादा? समोरच्याने हात धरलाय आणि पुढचं स्टेशन सात मिनिटांवर आहे तेव्हा खोकला परवडला. डोळे मिटले की तो काही मिनिटं तरी आंधळा, तेवढ्यात उतरून पळता येतं.

वकीलबाई: भारतात बाळगायला लायसन्स लागत नाही, आणि भारतीय न्याय संहितेत कलम 34 पासून पुढे स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय. पण नुसत्या भांडणात मारू नका. 2024 मध्ये कर्नाटक हायकोर्टाने जागेच्या वादात स्प्रे मारणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला, जिवाला धोका नव्हता आणि हे घातक हत्यार आहे असं म्हटलं. नुसतं बघत उभा राहिलेल्यावर मारलात तर तुम्हीच अडकाल.

रोजचा_प्रवासी: तेच सांगतोय, घाबरलेल्या पोरीला त्या क्षणी धोका कुठला नि नजर कुठली हे कसं कळणार?

मीरा_डोंबिवली: कळतं हो. आम्हाला शाळेपासून कळतं.

आसनगावची_आई: काल गच्चीवर तिच्याकडून एकदा मारून घेतला. आधी सेफ्टीचं बटणच सरकेना, मग वाऱ्याकडे तोंड होतं म्हणून फवारा उलटा आला, दोघी नळाखाली डोळे धरून बसलो. आता तो पर्सच्या तळाशी नाही, ओढणीखाली मुठीत असतो आणि तारीखही बघितली, पुढच्या वर्षी संपतेय. दादा, 139 पण सेव्ह करून दिलाय. पण स्प्रे काढून घेणार नाही.