तीन महिन्यांची मुदत चुकली, लेकीचं जपानी नागरिकत्व गेलं. परत मिळेल का?

प्रश्न: नवरा जपानी, मी मराठी, राहतो अमेरिकेत. दोन्ही मुलं इथेच जन्मली म्हणून अमेरिकन आहेतच. मुलाच्या वेळी शुस्शो-तोदोके, म्हणजे जन्मनोंदणीचा अर्ज, जपानी वकिलातीत वेळेत दिला. त्यात ‘जपानी नागरिकत्व राखून ठेवतो’ या ओळीपाशी नवऱ्याने सही केली. लेक मात्र सातव्या महिन्यात झाली. नऊ आठवडे काचेच्या पेटीत होती, आम्ही दोघं आळीपाळीने तिथेच बसून. अर्ज घेऊन गेलो तेव्हा तीन महिन्यांवर अकरा दिवस झाले होते. परदेशात जन्मलेल्या दुहेरी नागरिक मुलाचं अशा वेळी जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात.

आता ती सोळाची आहे. गेल्या उन्हाळ्यात नागोयाला आजीने कोसेकीचा, म्हणजे जपानी कुटुंब-नोंदवहीचा, उतारा काढला. त्यात दादाचं नाव, हिचं नाही. तिने तो कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता घडी घालून परत दिला. तेव्हापासून मला चैन नाही.

अठराच्या आत परत मिळतं म्हणतात. सुट्टीत जाऊन अर्ज दिला तर चालेल? पुढे अमेरिकन सोडावं लागेल का?

साइतामावासी: ताई, मिळतं. नागरिकत्व कायद्याचं 17वं कलम बघा. पण पत्ता जपानचाच हवा, पर्यटक म्हणून येऊन भागत नाही. आम्ही मुलाला ‘जपानी व्यक्तीचं अपत्य’ या व्हिसावर आणलं, राहण्याची नोंद केली आणि होउमुक्योकुत, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज घेणाऱ्या सरकारी कार्यालयात, गेलो. वय 15 च्या वर, म्हणून त्याला स्वतः हजर राहावं लागलं. जुन्या लेखांत 20 ची मर्यादा दिसेल; एप्रिल 2022 पासून ती 18 आहे.

‘दोन पासपोर्ट’ (दुसरा वाचक): अठराच्या आत दुहेरी झालेल्यांनी 20 पर्यंत निवड करायची, तुमच्या मुलानेही. जपानी निवडलं तर दुसरं सोडण्याचा प्रयत्न करा, असं 16वं कलम सांगतं. पण त्या घोषणेने अमेरिकन आपोआप जात नाही. जपायचं ते 11व्या कलमाला. स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलं की जपानी तिथेच संपतं. जन्माने मिळालेल्याला ते लागू नाही. भारताचं ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड खुशाल काढा, ते नागरिकत्व नव्हे.

मूळ प्रश्नकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच नागोयाला फोन केला. आजी म्हणाली, वरची खोली आजच झाडून ठेवते. एप्रिलला तिथलं शाळेचं वर्ष सुरू होतं, त्याआधी मी तिला घेऊन जाणार. साइतामावासी, जन्मदाखल्याचं जपानी भाषांतर तुम्ही घरीच केलंत की कुणाकडून करून घेतलंत?