मदत हवी आहे: सीमोरचा नवा पटर घ्यावा, की जुन्याचाच ठिपका पुन्हा रंगवावा?

मंदवारा:

नमस्कार मंडळी. गोल्फच्या धाग्यांवर मी बहुतेक वेळा वाचून निघून जाते, आज मात्र मलाच अडलंय.

माझ्याकडे सीमोर कंपनीचा पहिल्या काळातला पटर आहे (हिरवळीवरून चेंडू घरंगळवत होलमध्ये, म्हणजे खळग्यात, घालायचा क्लब). वापरलेलाच विकत घेतला होता, त्यालाही खूप वर्षं झाली. ज्यांनी हा पटर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाफ्टचा, म्हणजे दांडीचा, खालचा भाग काळा असतो. तो जिथे हेडला, म्हणजे पटरच्या डोक्याला, मिळतो तिथे दोन पांढऱ्या रेषा असतात आणि एक लाल ठिपका असतो. पट (पटरचा फटका) मारायला उभं राहिल्यावर काळा शाफ्ट दोन रेषांच्या बरोबर मधे यायला हवा आणि ठिपका त्याच्यामागे पूर्ण लपायला हवा. ठिपका दिसला की हात तरी चुकीच्या जागी आहेत किंवा डोळे तरी. इतकं साधं आहे ते. मला कुणी पटिंग शिकवलं असेल तर त्या ठिपक्याने.

याच जातीच्या पटरने गोल्फपटू पेन स्टुअर्टने १९९९ची यू.एस. ओपन स्पर्धा जिंकली होती. पाइनहर्स्टचा दोन नंबरचा कोर्स, अठरावा होल, पारसाठी (त्या होलला ठरलेल्या फटक्यांत संपवण्यासाठी) साधारण पंधरा फुटांचा पट, आणि फिल मिकलसनवर एका स्ट्रोकने (फटक्याने) मात. त्याच ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात तो गेला. कंपनीचं नावही नंतर मागे पडत गेलं. २००७च्या मास्टर्स स्पर्धेच्या थोडं आधी नव्या मालकांनी ती हातात घेतली, आणि लगेच त्या एप्रिलमध्ये झॅक जॉन्सन सीमोर घेऊन ऑगस्टाला तीच स्पर्धा जिंकला. ते वाचलं तेव्हा मला घरातलं कुणी परत आल्यासारखा आनंद झाला होता.

आता अडचण. गेल्या वर्षभरात सहा-सात फुटांवरचे पट मला डावीकडे जाताना दिसतायत. सरळ, सपाट पटसुद्धा. हिरवळीचा दोष नाही, कारण सोबतच्यांचे त्याच रेषेवरचे पट पडतात. पटरवरचा लाल रंग जवळजवळ गेलाय, एक पांढरी रेष अर्धी उरलीय आणि ग्रिप कडक झालीय. नवा सीमोर घ्यावा असं मनात येतं, पण दोन शंका आहेत. एकदा हातातून गेलेल्या कंपनीने परत आल्यावर जे बनवलं ते मूळचंच आहे, की नुसतं नाव? आणि माझ्या डावीकडे जाणाऱ्या पटांचं कारण पटर नसलंच तर?

ज्यांनी जुना आणि नवा दोन्ही वापरलेत त्यांनी कृपया लिहा.

---

कुंपणालगत:

पहिल्या शंकेपुरतं लिहितो, कारण परत आलेल्या ब्रँडांच्या नादी मी बराच काळ लागलेलो आहे.

नाव परत येणं आणि वस्तू परत येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझी परीक्षा एकच असते: ज्या कल्पनेमुळे तो पटर ओळखला जात होता ती कल्पना नव्या मालकाने केंद्रस्थानी ठेवली का? सीमोरच्या बाबतीत उत्तर हो असं आहे. ठिपका, रेषा आणि काळा शाफ्ट त्यांनी सोडला नाही. हेडचे आकार वाढले, मॅलेट (मोठ्या, रुंद हेडचे पटर) आले, पण लपवण्याची युक्ती तीच. झॅक जॉन्सनने २०१५मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन जिंकली तीही सीमोरनेच. शेवटच्या होलवर तीसएक फुटांचा बर्डी पट (पारपेक्षा एक फटका कमी) घालून तो बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये पोहोचला होता.

उलट उदाहरण 'येस!' पटरचं. फेसवर (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) वर्तुळाकार खाचा असलेला तो पटर रतीफ गूसनच्या हातात होता, २००४च्या यू.एस. ओपनमध्येही. २०११मध्ये अ‍ॅडम्स या गोल्फ कंपनीने तो ब्रँड घेतला, पुढच्या वर्षी अ‍ॅडम्स स्वतः टेलरमेड या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि या सगळ्यात पटर मागे पडला. मोठ्या घरात गेलेलं छोटं नाव फडताळात राहतं. ज्यांना त्या एका कल्पनेवरच पोट भरायचं असतं, त्यांच्या हातात ते जगतं.

म्हणून नव्या सीमोरवर अविश्वास ठेवू नका. फक्त तुमच्या जुन्याची मापं माहीत नसताना घेऊ नका.

---

लोखंडकाम:

वरच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

मंदवारा, पटर घेऊन क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे जा आणि लॉफ्ट (फेस किती मागे कललाय तो कोन), लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन), लांबी आणि हेडचं वजन मोजून घ्या. पटरला साधारण तीन-चार अंशांचा लॉफ्ट असतो. इतकी वर्षं बॅगेत दुसऱ्या क्लबांवर आपटून, गाडीच्या डिकीत दबून, कधी त्यावर टेकून उभं राहिल्याने तो सरकू शकतो. बाकीच्या पटरांमध्ये असा फरक पडला तर हात आपोआप सांभाळून घेतात. तुमच्या पटरमध्ये मात्र हेच अवघड आहे. शाफ्ट हेडला ज्या कोनात बसलाय त्यावरच ठिपका लपण्याची जागा ठरते. कोन बदलला की ठिपका लपलेला दिसेल, पण तेव्हा टो (हेडचं पुढचं टोक) किंचित वर किंवा खाली असेल. तुम्ही प्रामाणिकपणे ठिपका लपवत राहाल आणि पटर प्रामाणिकपणे चुकीचं सांगत राहील.

तरी त्याचा परिणाम किती ते बघा. लॉफ्ट चार अंश असेल आणि लाय दोन अंशांनी चुकली, तर चेंडूची दिशा जेमतेम ०.१४ अंश बदलते. पंधरा फुटांवर सुमारे एक सेंटीमीटर. त्यामुळे होल चुकणार नाही. फेसच एक अंश उघडा (उजवीकडे वळलेला) किंवा बंद (डावीकडे वळलेला) राहिला, तर दहा फुटांवर चेंडू पाच सेंटीमीटरच्या वर सरकतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मधोमध नेम धरलेला चेंडू कडेवर. सहा-सात फुटांवरूनही तुमचे पट जर होलला न शिवता डावीकडे जात असतील, तर लायचं कारण पुरत नाही. फेस बंद होतोय किंवा मुळात नेमच डावीकडे लागतोय.

जुने हेड आजच्यापेक्षा हलके असत हेही ध्यानात घ्या. नव्याने पहिले काही दिवस अंतर चुकेल. जुनाच ठेवायचा झाला तर शिशाची चिकटपट्टी तळाला लावून वजन वाढवता येतं. नियमात बसतं, फक्त फेरी सुरू असताना लावायची किंवा काढायची नाही.

---

मंदवारा:

दोघांचे मनापासून आभार. लोखंडकाम, तुमचा हिशोब वाचून मी कागदावर पुन्हा करून पाहिला. पट होलला शिवत नाहीत हे खरं आहे. म्हणजे मी इतके दिवस पटरकडे बोट दाखवत होते ते चूकच.

एक प्रयोग केला. जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ ओढली, तिच्यावर चेंडू ठेवला, ठिपका जिथे असायला हवा ती जागा शाफ्टमागे लपवली आणि फेस रेघेला काटकोनात आहे असं मला वाटेपर्यंत नीट केला. मग पटर तसाच धरून मुलीला वरून बघायला सांगितलं. ती म्हणाली, "आई, डावीकडे वळलाय." तीन वेळा केलं, तिन्ही वेळा डावीकडे. म्हणजे स्ट्रोक नाही, नेमच चुकतोय. पण मला तो सरळ का दिसतो?

---

संध्याछाया:

तुम्ही चष्मा लावता का? आणि असाल तर प्रोग्रेसिव्ह?

विचारण्याचं कारण माझा स्वतःचा अनुभव. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं बघायला आणि खालचा भाग वाचायला असतो. वाचायचा भाग हातभर अंतरासाठी बनवलेला. पट मारायला उभं राहिल्यावर चेंडू डोळ्यांपासून दीडएक मीटर असतो, आणि आपण नजर खाली टाकतो ती बरोबर त्या वाचायच्या भागातून. चेंडू धूसर होतो, कडेने पाहिलं तर सरळ रेष वाकडी दिसते. मग धूसरपणा टाळायला माणूस नकळत हनुवटी छातीला टेकवतो, म्हणजे वरच्या काचेतून दिसेल. हनुवटी खाली गेली की डोळ्यांची जागा बदलते.

तुमच्या पटरचं सगळं गणितच डोळे, शाफ्ट आणि ठिपका एका रेषेत येण्यावर आहे ना? इतर कुणापेक्षा तुम्हाला याचा जास्त त्रास होणार.

मी गोल्फसाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला. स्कोअरकार्ड वाचताना हात लांब करावा लागतो, पण चेंडू जिथे आहे तिथे दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना पटर आणि चेंडू नेऊन दाखवा, अंतर मोजून सांगा. संकोच करू नका.

---

मंदवारा:

संध्याछाया, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला त्याला सव्वा वर्ष झालं. पट डावीकडे जायला लागले तेही त्याच सुमारास. हा धागा मी जोडला नव्हता.

काल कपाटातला जुना, साध्या काचेचा चष्मा शोधून काढला. नंबर थोडा कमी आहे. तोच रेघेचा प्रयोग पुन्हा केला. मुलगी म्हणाली, "आता सरळ."

तरी ठिपका रंगवायचाच आहे. जागा अंदाजाने लपवणं आणि खरा लाल ठिपका नाहीसा होताना बघणं यात फरक आहे. भिंगातून पाहिलं तर ठिपक्याची कड अजून स्पष्ट आहे. घरी करता येईल का?

---

लोखंडकाम:

कड शिल्लक असेल तर नक्की येईल. उरलेला रंग कापसाच्या काडीवर अगदी थोडं अ‍ॅसिटोन घेऊन काढा. शाफ्टच्या काळ्या भागाला, ग्रिपला आणि फेसवर इन्सर्ट (वेगळा बसवलेला तुकडा) असेल तर त्याला अ‍ॅसिटोन लागू देऊ नका. मग लाल एनॅमल किंवा चक्क नेलपॉलिश, टूथपिकच्या टोकाने एकच थेंब. पसरवू नका, थेंब स्वतःच कडेपर्यंत जातो. पूर्ण दिवस वाळू द्या. बाहेर गेलेला रंग दुसऱ्या दिवशी कापडाने पुसा. पांढऱ्या रेषा त्यानंतर, एकेक करून.

एक मात्र पाहा: शाफ्टचा काळा रंग घासून खालची धातू चमकत असेल तर उन्हात तिथे तिरीप येते आणि ठिपका लपला की नाही कळत नाही. तेवढ्या भागाला चमक नसलेला काळा रंग द्या.

लाय मात्र तरीही मोजून घ्या. चष्म्याने मोठी चूक गेली, आता लहान चूक दिसेल.

---

कुंपणालगत:

गोल्फपटू बेन क्रेनशॉने त्याचा विल्सन ८८०२ पटर किशोरवयापासून वापरला. 'लिटल बेन' म्हणत त्या पटरला. १९८७च्या रायडर कप या सांघिक स्पर्धेत रागाच्या भरात तो त्याच्याच हातून मोडला आणि उरलेले होल त्याला दुसऱ्या क्लबांनी पट करावे लागले. १९८४ची मास्टर्स त्याने त्याच पटरने जिंकली होती. ज्या पटरवर डोळा बसलाय तो कारण नसताना बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. नवा सीमोर कधी घेतलात तरी जुना विकू नका.

---

मंदवारा:

विकणार नाही.

आज मापं मिळाली. लांबी ३४ इंच. लॉफ्ट अडीच अंश भरला, आणि लाय जितकी असायला हवी त्यापेक्षा एक अंशाने सपाट आहे. दुरुस्त करणाऱ्याने वाकवून देतो म्हटलं, पण वाकवताना ठिपक्याची जागा हलेल का, हे त्यालाही नक्की सांगता येईना, म्हणून थांबवलं. ठिपका काल रंगवला. दुसऱ्या प्रयत्नात गोल आला. आज सकाळी साध्या चष्म्याने सहा फुटांवरून वीस पट मारले, चौदा पडले. चुकलेल्यांपैकी दोनच डावीकडे गेले.

क्लबमधल्या एका मैत्रिणीकडे नवा सीमोर आहे, तिने पाच मिनिटं हातात दिला. उभी राहिले, ठिपका लपला, आणि खरंच तेच! हेड जड लागलं, पट दोन फूट पुढे गेले, पण डोळ्यांना काही नवं शिकावं लागलं नाही. कुंपणालगत, तुमची परीक्षा तो पास झाला. आत्ता मात्र घेत नाही. चष्मा पक्का होऊ दे, मग दोन्ही शेजारी ठेवून बघेन.

एक शेवटची मदत हवी आहे. ग्रिप बदलायचीच आहे. हल्लीच्या जाड ग्रिप जुन्या बारीक ग्रिपपेक्षा बऱ्याच जड असतात असं ऐकलं. हेड आधीच हलकं असताना वर वजन वाढलं तर हेड आणखी हलकं वाटेल ना? की तळाला शिशाची पट्टी लावून ते भरून काढता येतं? किती ग्रॅमपासून सुरुवात करू?

---

लोखंडकाम:

हो, हलकं वाटेल. जाड पण वजनाला हलक्या ग्रिप मिळतात, आधी त्या पाहा. शिसं दोन-दोन ग्रॅमच्या तुकड्यांत लावा, हील (हेडचं आपल्याकडचं टोक) आणि टो दोन्हीकडे सारखं. चार ग्रॅमवर थांबा आणि दोन फेऱ्या खेळा. ग्रिप बसवताना तिची सपाट बाजू फेसला काटकोनात बसते का हे स्वतः उभं राहून बघा. ती तिरकी बसली तर अंगठे फेस वळवतील आणि तुम्ही पुन्हा चष्म्याला दोष द्याल.